बुना: तीन फेऱ्यांची कॉफी घरी कशी करायची

शेजारच्या आजींनी कॉफीला बोलावलं होतं 'नऊ वाजता', आणि मी सकाळी नवाच्या ठोक्याला चिवड्याचा डबा घेऊन त्यांच्या फाटकात हजर. आजी अंगण झाडत होत्या. त्यांचे नऊ म्हणजे आपले दुपारचे तीन. इथिओपियात तास मोजतात ते दिवस उजाडल्यापासून, म्हणजे सकाळी सात वाजले की त्यांचा एक वाजतो. घड्याळात तासकाटा असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा, की झालं. विमानाचं तिकीट मात्र आपल्याच वेळेने असतं, तिथे हा हिशेब लावत बसू नका.

आम्ही जिम्मा गावात राहिलो, देशाच्या नैर्ऋत्य भागात. यजमान तिथे शिकवायला होते. 2009 च्या सप्टेंबरअखेर पोहोचलो तेव्हा त्यांच्या कॅलेंडरवर 2002 साल नुकतंच लागलं होतं, तेव्हा मी सात वर्षांनी तरुण झाले असं घरी कळवून टाकलं. जिम्माच्या पलीकडेच काफ्फाचा मुलूख. अरेबिका कॉफीचं झाड मूळचं याच भागातल्या रानातलं. अम्हारिक भाषेत कॉफीला म्हणतात बुना, आणि बुना नुसती पीत नाहीत, ती मांडतात. चार वर्षं त्या आजींच्या, म्हणजे इम्मामांच्या, शेजारी बसून जे शिकले ते सांगते.

आधी वेळ काढा. दोन तास नसतील तर फिल्टर कॉफी करा, तीही चांगलीच असते.

सामानात सगळ्यात महत्त्वाची कच्ची, हिरवी कॉफी बी. अरेबिकाच घ्या. कर्नाटकातली सहज मिळते, आपल्या चिखलदऱ्याची मिळाली तर मौज. सहा माणसांना दोन मुठी, अंदाजे 60 ग्रॅम. भाजायला जाड बुडाचा लोखंडी तवा किंवा उथळ कढई, नॉनस्टिक नको. कुटायला लोखंडी किंवा दगडी खलबत्ता. आणि कॉफीसाठी जबेना: फुगीर पोटाची, लांब मानेची, काळी मातीची सुरई. मी एक साडीत गुंडाळून आणली होती आणि पहिल्याच आठवड्यात फोडली, कारण कोरडी तशीच मोठ्या गॅसवर ठेवली. नवीन जबेना रात्रभर पाण्यात बुडवा, मग मंद आचेवर तिच्यात कॉफीचा चोथा दोनदा उकळा. खाली लोखंडी जाळी ठेवा. जबेना नसेल तर अरुंद तोंडाचं पितळी किंवा स्टीलचं भांडं चालेल. चवीत थोडा फरक पडतो, दिसण्यात फार.

जमिनीवर तिकडे केतेमा नावाचं ओलं हिरवं गवत पसरतात. पावसाळ्यातल्या जिम्मात ते फुकट होतं. इथे मी चटई टाकते आणि वर मूठभर दूर्वा भुरभुरते. घरच्यांना हसू येतं, येऊ द्या. निखाऱ्यावर इतान टाकतात, तो झाडाचा सुगंधी डिंक. आपला ऊद चालेल. अगरबत्ती नको, तिचा वास कॉफीवर चढतो.

आता भाजणं. हे पाहुण्यांसमोरच करायचं, आत स्वयंपाकघरात उरकून आणायचं नाही. तव्यात बी आणि थोडं पाणी घालून तळव्याने चोळा, वरची साल सुटते. पाणी ओतून टाका, पुन्हा एकदा धुवा. मग मध्यम आचेवर ठेवून सतत हलवा. बी आधी पिवळसर होते, तेव्हा ओल्या गवतासारखा वास येतो आणि वाटतं की आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं. पुढे रंग तांबूस होतो, लाह्यांसारखा तडतड आवाज सुरू होतो. इम्मामा इथे बोलणं थांबवायच्या. तडतड ओसरून बी गडद झाली, अंगावर तेलाची चकाकी आली, की लगेच उतरवायची. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तर कोळसा. मी तो केलेला आहे, आणि इम्मामांनी तो एक शब्द न बोलता कुंडीत ओतलेला आहे.

उतरवलेला तवा तसाच धुरासकट पाहुण्यांपुढून फिरवा. आपण आरती घेतो अगदी तसा तो धूर हाताने तोंडाकडे ओढून घ्यायचा. पहिल्या दिवशी मी सवयीने डोक्यावरूनही हात फिरवला. सगळ्यांना ते फार आवडलं.

बी निवली की कुटा. मिक्सर काढू नका. त्यात निम्मं पीठ होतं, निम्मे दाणे राहतात. रव्याहून किंचित बारीक हवं. तोवर जबेनात अर्धा लिटर पाणी उकळत आलेलं असावं. कागदाची पुंगळी करून मानेतून पूड आत सोडा. कॉफी उसळून मानेत चढली की खाली घ्या, थोडी पेल्यात ओतून पुन्हा आत घाला, आणि परत उसळू द्या. मग चुंबळीवर जबेना जरा तिरकी ठेवून पाच मिनिटं तिला हात लावू नका. चोथा तळाशी बसतो. इथे घाई झाली तर पाहुण्यांच्या दातांत रवा येतो.

कप लहान, बिनकानाचे. त्यांना सिनी म्हणतात. सगळे एकमेकांना चिकटवून ट्रेमध्ये मांडा आणि वीतभर उंचीवरून एकाच धारेत, हात न थांबवता, एकापुढे एक भरत जा. धार थांबवली की आतला चोथा ढवळतो. मला हे जमायला आठ महिने लागले. पहिला कप वयाने सगळ्यात मोठ्या माणसाला. साखर भरपूर, दूध नाही. खेड्यांत साखरेऐवजी मीठ घालतात, काही ठिकाणी लोणीही. जमलं तर सतापची एक काडी कपात बुडवा. तिकडे तिला तेना आदाम म्हणतात, आणि आपल्याकडे ती जुन्या घरांच्या कुंडीत असतेच. सोबत कोलो, म्हणजे भाजलेलं सातू आणि हरभरे, नाहीतर मक्याच्या लाह्या. माझा चिवडाही त्या घरात पुढे रुळला. फक्त बुधवारी नि शुक्रवारी नेला तर त्यात तूप नाही ना, हे विचारून घेत. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या त्या उपासाला दूधतूप चालत नाही.

पहिल्या फेरीचं नाव अबोल. मराठी माणसाला गंमत वाटणारच, आणि खरंच त्या फेरीला कोणी फारसं बोलत नाही. मग त्याच चोथ्यावर नवं पाणी घालून दुसरी फेरी, तोना. पुन्हा पाणी घालून तिसरी, बेरेका. आपली 'बरकत' तीच ही. कॉफी तोवर पातळ झालेली असते, चव म्हणाल तर जेमतेम. पण दुसऱ्या फेरीनंतर उठणं वाईट दिसतं. मी एकदा कुकर लावायचा म्हणून उठले, तर इम्मामांनी दाराशी येऊन हाताला धरून परत बसवलं.

कारण गल्लीचा कारभार चालतो तो बेरेकालाच. इकुबचा, म्हणजे आपल्या भिशीचा, या महिन्याचा नंबर कोणाचा. इदिरच्या, म्हणजे मयतीला मदत करणाऱ्या गल्लीच्या मंडळाच्या, वर्गणीतून कोणाच्या मयतीचा खर्च निघाला, तंबू कोणी उभारला. कोणाची मुलगी अदिसला नोकरीला लागली. बोलणाऱ्याला होकार देताना तिथे आत श्वास ओढतात, हुंदका दिल्यासारखा. पहिले काही दिवस मला वाटायचं की सगळ्या बायकांना एकदम काहीतरी धक्का बसतोय.

एकदा अशाच फेरीत मी सांगितलं की माझं माहेर औरंगाबादचं, आणि 1610 मध्ये ते शहर खडकी नावाने वसवलं मलिक अंबरने, तुमच्याच देशातून लहानपणी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाने. आपण त्याला हबशी म्हणतो. तिथली माणसं आजही स्वतःला हबेशा म्हणवतात, अभिमानाने. आपल्याकडे या शब्दाचं काय झालं ते मी सांगितलं नाही. इम्मामांनी श्वास आत ओढला आणि माझ्या कपात चौथ्यांदा कॉफी ओतली. चौथ्या फेरीला नाव नसतं.

पाहुणे गेल्यावर जबेना नुसत्या गरम पाण्याने विसळा. साबण लावलात तर पुढच्या तीन बुना साबणाच्या होतील. चोथा गुलाबाच्या कुंडीत.