डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन घेताय? या चुका टाळा

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवण्याची सोय, २०२० मध्ये बंद पडला आणि जानेवारी २०२४ मध्ये परत आला. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत राहणाऱ्यांनाच तो पॅकेजसोबत मिळतो आणि त्याचे दोन प्रकार आहेत. ‘क्विक सर्व्हिस’ प्लॅनमध्ये दर रात्रीमागे माणशी काउंटरवरची दोन जेवणं आणि एक स्नॅक. ‘डिस्ने डायनिंग प्लॅन’मध्ये एक काउंटरवरचं जेवण, एक टेबलावर बसून वाढलेलं जेवण आणि एक स्नॅक. दोन्हींत प्रत्येकाला पुन्हा पुन्हा भरता येणारा पेयाचा एक मग मिळतो. ऐकायला सोपं आहे, पण पैसे जातात ते बारीक अटींत.

दिवस मोजणं, रात्री न मोजणं

क्रेडिट, म्हणजे प्लॅनमधल्या एका जेवणाची किंवा स्नॅकची जणू कुपनं, रात्रींवर मिळतात. पाच रात्रींचा मुक्काम म्हणजे सहा दिवस फिरणं, पण क्रेडिट पाचच दिवसांचे. शिवाय दिवसाला मिळतात दोन जेवणं आणि एक खाऊ. नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण तिन्ही प्लॅनवर भागेल असं धरून बसलात तर रोज एका वेळचा खर्च वरून होणार. नाश्त्यासाठी सोबत काहीतरी कोरडं ठेवणं हा साधा उपाय. पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेता येतं. काचेची भांडी, दारू आणि सुटा बर्फ मात्र चालत नाही.

दहा वर्षांच्या मुलाला ‘मूल’ समजणं

डिस्नेच्या हिशेबात ३ ते ९ वर्षं म्हणजे मूल, १० पूर्ण झाली की प्रौढ. २०२४ मध्ये ‘डिस्ने डायनिंग प्लॅन’ या मोठ्या प्लॅनचा दर प्रौढाला रात्री साधारण ९४ डॉलर आणि मुलाला ३० डॉलर होता. क्विक सर्व्हिसचा ५७ आणि २४. दर वर्षागणिक बदलतात, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचाच आकडा धरा. आई, बाबा, सहा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा अशा कुटुंबाचा २०२४ चा हिशेब मोठ्या प्लॅनवर रात्रीला ३१२ डॉलर होतो. मुलाला चुकून लहानांत धरलंत तर तो २४८ दिसतो. पाच रात्रींत ३२० डॉलरचा फरक.

तीनपेक्षा लहान बाळाला प्लॅन लागत नाही. ते मोठ्यांच्या ताटातलं खाऊ शकतं, बुफेत त्याचे पैसे घेत नाहीत. पण एका खोलीतल्या तीन वर्षांवरील सगळ्यांना एकच प्लॅन आणि तोही पूर्ण मुक्कामासाठी घ्यावा लागतो. ‘फक्त मुलांना घेऊ, आम्ही वेगळं बघू’ हे चालत नाही. वाईट याचं, की सर्वांत जास्त फायदा मुलांच्याच प्लॅनमध्ये असतो.

शाकाहारी ताटाचा हिशेब न करणं

मराठी कुटुंबांचं सर्वाधिक नुकसान इथे होतं, म्हणून इथे कागद-पेन घेऊन बसा. प्रौढाच्या २०२४ मधल्या ९४ डॉलरमधून काउंटरवरचं जेवण आणि पेय यांचे साधारण २० आणि स्नॅकचे ६-७ वजा करा. पाच रात्रींच्या मुक्कामात मगचे रोज चारेक डॉलर धरा. उरतात साठेक डॉलर. टेबलावरच्या जेवणाचं बिल तितकं झालं तर तुम्ही बरोबरीत. त्या क्रेडिटवर मिळतं काय? एक मुख्य पदार्थ, एक गोड आणि एक पेय. सुरुवातीचे स्टार्टर त्यात नाहीत.

स्टेक किंवा सीफूड मागवणाऱ्याचं आणि सोबत कॉकटेल घेणाऱ्याचं बिल साठच्या पुढे सहज जातं. पेयात २१ वर्षांवरच्यांना दारूही चालते आणि प्लॅनची किंमत तेही गृहीत धरून ठरते. शाकाहारी मुख्य पदार्थ बऱ्याचदा पंचविशीच्या आसपास असतो. त्यात गोड आणि साधं पेय धरलं, वर साडेसहा टक्के कर लावला, तरी पंचेचाळीसच्या घरात. म्हणजे प्रत्येक जेवणाला १५ डॉलर वाया. दारू न पिणाऱ्या शाकाहारी प्रौढांनी मोठा प्लॅन घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घेतलाच असेल तर क्रेडिट मिकीसारखी डिस्नेची पात्रं भेटतात अशा बुफेंवर खर्चा, उदाहरणार्थ कंटेम्पररी हॉटेलातलं शेफ मिकीज. तिथे एक क्रेडिट लागतो आणि ताटात काय घेतलं यावर किंमत ठरत नाही. पेयात साध्या सोड्याऐवजी मिल्कशेक असेल तर तो मागवा, क्रेडिट तेवढाच जातो.

मेन्यूवरचं हिरव्या पानाचं चिन्ह म्हणजे पूर्णपणे वनस्पतिजन्य पदार्थ. कांदा-लसूण नाही असा त्याचा अर्थ नाही. जैन जेवण हवं असेल तर ते बुकिंग करतानाच नोंदवा आणि टेबलावर बसल्यावर पुन्हा सांगा. भारतीय चवीसाठी अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमधलं सना हे रेस्टॉरंट पाहण्यासारखं आहे.

क्रेडिट आहे म्हणजे टेबल मिळेलच असं धरणं

प्लॅन जेवणाचे पैसे भरतो, जागा राखून ठेवत नाही. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना चेक-इनच्या ६० दिवस आधी एकाच बैठकीत मुक्कामाच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंतची टेबलं घेता येतात. वेबसाइटवर ते फ्लोरिडाच्या वेळेनुसार पहाटे सहाला सुरू होतं, म्हणजे भारतात दुपारी साडेतीन, तिकडे हिवाळी वेळ असेल तर साडेचार. सर्वांत अवघड टेबल आधी घ्या, बाकीची नंतर.

सिंड्रेलाज रॉयल टेबल हे रेस्टॉरंट आणि ‘सिग्नेचर’ गटातली महागडी रेस्टॉरंटं एका जेवणाला दोन क्रेडिट घेतात. पाच रात्रींत अशी दोन जेवणं झाली की हाती एकच टेबल क्रेडिट उरतो. चौथ्या दिवशी क्रेडिट संपल्याच्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

बेत बदलला तर निदान दोन तास आधी रद्द करा. नुसतं न जाण्याचा दंड बऱ्याच ठिकाणी माणशी १० डॉलर आहे.

टिप विसरणं

टेबलावरच्या जेवणाची टिप सहसा प्लॅनमध्ये नसते. सहा किंवा जास्त माणसं असतील तर १८ टक्के आपोआप लागतात. आजी-आजोबांसह गेलात की तुम्ही याच गटात. टिप क्रेडिटवर नाही, बिलाच्या मूळ रकमेवर मोजतात. चौघांच्या २०० डॉलरच्या ‘फुकट’ जेवणावरही १८ टक्क्यांनी ३६ डॉलर खिशातून जातील.

बारीकसारीक गळती

पाण्याच्या बाटलीवर स्नॅक क्रेडिट घालवू नका. फाउंटन पेयं देणाऱ्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा ग्लास मागितला की फुकट मिळतो. पेयाचा मग फक्त डिस्नेच्या हॉटेलांतच भरता येतो, पार्कमध्ये नाही. तो दिवसभर पाठीवर वागवू नका. काउंटरवरचं जेवण अ‍ॅपवरून आधी मागवा. क्रेडिट तिथूनही वापरता येतात आणि साडेबाराची रांग टळते.

सगळ्या खोलीचे क्रेडिट कोणत्याही दिवशी कमी-जास्त वापरता येतात, पण चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री उरलेले संपतात, परतावा नाही. मुक्काम अर्धा झाला की अ‍ॅपमधली शिल्लक पाहा. टेबल क्रेडिट जास्त उरलेले दिसले तर उरलेल्या दिवसांसाठी दोन क्रेडिटवाली जागा शोधा. रद्द झालेली टेबलं अ‍ॅपमध्ये अधूनमधून दिसतात. स्नॅक उरले असतील तर शेवटच्या संध्याकाळी बंद पाकिटातला खाऊ घ्या, परतीच्या विमानात उपयोगी पडतो.