जुनी आलिशान हायब्रिड एसयूव्ही घेताय? गोव्यात या चुका टाळा

महिन्या-दोन महिन्यांनी एक तरी फोन येतोच. माणूस वेगळा, वाक्य तेच: "बाब, गाडी अगदी नवीसारखी आहे हो, सहा वर्षांत फक्त अठरा हजार किलोमीटर. दिल्लीवाल्याची आहे. एकदा नजर टाकाल?" नजर टाकायला माझी ना नसते. पण बहुतेकांनी तोवर टोकन दिलेलं असतं, घरी पेढे सांगून झालेले असतात, आणि मी फक्त "घ्या" म्हणायचं बाकी असतं. चवथीच्या आधी गाडी दारात उभी राहिलीच पाहिजे, असा हट्ट असला तर बोलायलाच नको.

त्याच त्या चुका पाहून कंटाळा आला, म्हणून हे लिहितोय.

कमी किलोमीटरला भुलणं

गोव्यातली ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून आधी हीच.

आसगाव, शिवोली, हळदोणे या भागांत बाहेरच्यांची सुट्टीतली घरं आहेत. घराबरोबर एक गाडी ठेवलेली असते. मालक डिसेंबरात येतात, पंधरा दिवस फिरवतात आणि निघून जातात. पुढचे कित्येक महिने गाडी ताडपत्रीखाली. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि उंदीर यांच्या सोबतीला सोडलेली. साध्या पेट्रोल गाडीलाही हे सोसत नाही. हायब्रिडला, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर विजेची मोटर असलेल्या गाडीला, तर मुळीच नाही.

नुसत्या मोटरवरही चालू शकणाऱ्या हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक नेहमीची १२ व्होल्टची, जी गाडीतले कंप्युटर जागे करते. दुसरी मोठी, दोनशेहून जास्त व्होल्टची, जी मोटर फिरवते. गाडी बंद असताना मोठी बॅटरी रिलेमुळे, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या स्विचमुळे, बाकी गाडीपासून तुटलेली असते, तरी ती आपली आपण हळूहळू उतरत राहते. लहान बॅटरीला अलार्म आणि बिनकिल्लीचं लॉक चाटून खातं. लहान बॅटरी मेली की डॅशबोर्डवर 'रेडी' पेटत नाही, आणि मोठीत कितीही जोर असला तरी गाडी जागची हलत नाही. मग एजंट येतो, बाहेरून करंट देतो, गाडी उठवतो, धुतो, पॉलिश मारतो आणि फोटो टाकतो: 'कमी चाललेली, फर्स्ट ओनर'. मोठ्या बॅटरीतले सेल मात्र उभ्या-उभ्या एकमेकांपासून फटकलेले असतात. काही तगडे, काही अर्धमेले. फोटोत ते दिसत नाही.

डिचोलीच्या एका डॉक्टरांची गोष्ट सांगतो. गाडी जपानी, मागच्या सीटखाली निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी असलेली. डॉक्टरांनी पन्नास हजार टोकन देऊन मग मला बोलावलं. मी एजंटला आदल्या दिवशीच बजावलं होतं की सकाळी सातला येतो, तोवर गाडी चालू करायची नाही. गेल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवला, तर बॉनेट कोमट. एजंट म्हणाला, "जरा आवारात सावलीला घेतली." सकाळी सात वाजता सावली!

टायरवर नजर टाकली. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. चारही टायर गाडीच्याच वयाचे, नक्षी भरपूर आणि रबराला बारीक तडे. मागच्या सीटच्या कडेला बॅटरीला थंड हवा ओढून घेणारी जाळी असते, ती कुत्र्याच्या केसांनी गच्च भरलेली. डॉक्टर म्हणाले, "ते साफ करता येईल." येईल ना. पण त्या जाळीतून वारा न मिळता बॅटरी किती उन्हाळे तापली, ते कुठल्या ब्रशने साफ होणार?

गाडीतले बिघाड वाचणारा खिशातला ब्लूटूथ स्कॅनर जोडला. बिघाडाचा एकही कोड नाही. डॉक्टरांचा चेहरा खुलला. मी मात्र तिथेच सावध झालो, कारण गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, त्या जवळजवळ सगळ्या अपूर्ण दाखवत होत्या. कोड पुसले, किंवा १२ व्होल्टची बॅटरी काढून जोडली, की या तपासण्या शून्यापासून सुरू होतात. म्हणजे कालपरवा कोणीतरी पाटी कोरी केली होती.

मग चालवायला घेतली. एसी पूर्ण, चौघे आत. म्हापशाच्या बाजारातली कोंडी, मग पर्वरीचा चढ, मग परत. अर्धा तास काही झालं नाही आणि एजंटच्या बढाया वाढत गेल्या. परतताना एका चढावर मागचा, बॅटरी थंड करणारा पंखा घोंघावू लागला. चार्जचा काटा भरलेला होता तो दोन मिनिटांत तळाला गेला, लगेच पुन्हा वर आला, आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा लाल त्रिकोण पेटला. कोड आला पी०ए८०. टोयोटा घराण्याच्या गाड्यांत त्याचा अर्थ एकच: मोठी बॅटरी बदला. एजंट म्हणाला, "सेन्सर असेल." सेन्सर नव्हता. सर्व्हिस सेंटरच्या तपासणीत बॅटरीतले दोन ब्लॉक, म्हणजे सेलचे गट, बाकीच्यांपेक्षा बरेच खाली निघाले. सौदा मोडला. टोकनातले पंचवीस हजार भांडून परत मिळाले, उरलेले अजून यायचेत.

इथे एक 'जुगाडू' वाट नेहमी सुचवली जाते: खराब सेल तेवढे बदलून घ्या, स्वस्तात काम होतं. होतं खरं, काही महिन्यांपुरतं. नव्या सेलच्या शेजारी जुने थकलेले सेल असतात, ते एकेक करून मान टाकतात आणि दर वेळी पूर्ण पॅक उघडावा लागतो. हे काम रस्त्याकडेच्या फिटरकडून करून घेणाऱ्यांना मी हात जोडतो. केशरी वेष्टनाच्या तारांमधून वाहणारा करंट माणूस मारू शकतो. उंदराने कुरतडलेल्या केशरी तारेला टेप गुंडाळलेली दिसली तर गाडी पुढे बघूच नका.

माझा स्वतःचा कल साठ-सत्तर हजार किलोमीटर नियमित चाललेल्या, पणजी-मडगाव रोज ये-जा केलेल्या गाडीकडे असतो. तिचे सर्व्हिस रेकॉर्ड सलग असतात, ब्रेकच्या डिस्क स्वच्छ असतात, बॅटरी रोज भरते आणि रोज उतरते. लोकांना हे पटत नाही. न पटो.

कोणती हायब्रिड, हे न विचारणं

जाहिरातीत सगळ्याच हायब्रिड. प्रत्यक्षात तीन जाती आहेत आणि तिन्हींचा व्यवहार वेगळा.

पहिली माइल्ड, ४८ व्होल्टवाली. व्होल्वो एक्ससी६० ची बी५, ऑडी क्यू७ ची २०२२ पासूनची पेट्रोल, मर्सिडीज जीएलसीची २०२३ ची पिढी. यातली मोटर इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. गाडी चांगली असेल, पण हायब्रिड म्हणून जास्त पैसे मोजण्यासारखं तिच्यात काही नाही.

दुसरी पूर्ण हायब्रिड: लेक्सस एनएक्स ३००एच, नंतरची ३५०एच, मोठी आरएक्स ४५०एच. ही कोंडीत इंजिन बंद ठेवून चालते. ३००एच मध्ये निकेलची बॅटरी आहे, ३५०एच मध्ये लिथियम-आयन. म्हणून दोघींची नुसत्या वर्षावरून तुलना करू नका.

तिसरी प्लग-इन, जशी व्होल्वो एक्ससी९० टी८. हिला घरी चार्ज करायचं असतं. तुमच्या सोसायटीत पार्किंगला प्लग पॉइंट द्यायचा म्हटला की सर्वसाधारण सभा पेटते का, ते आधी बघा. चार्ज न करता ही चालवली तर जड बॅटरीचं ओझं वाहायला पेट्रोल जाळत बसाल. पागोळीखालच्या सॉकेटमधून एक्स्टेंशन बोर्ड लावून पावसात चार्ज करणारे मी पाहिलेत. अर्थिंग तपासलेला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट नसेल तर या गाडीचा नाद सोडा.

ओळखायची सोपी रीत: इंजिन कोमट आणि चार्ज पुरेसा असताना गाडी सावकाश पुढे न्या. इंजिनाचा आवाज न करता हलली नाही, तर बहुधा माइल्ड आहे.

"पेट्रोल किती वाचेल!"

आकडा मांडू. वर्षाला दहा हजार किलोमीटर, पेट्रोल शंभर रुपये धरा. साधी मोठी पेट्रोल एसयूव्ही लिटरला नऊ देते, हायब्रिड पंधरा देते असं समजा. एकीला १,१११ लिटर लागतात, दुसरीला ६६७. वर्षाला साधारण चव्वेचाळीस हजार वाचले. मोठ्या बॅटरीचं बिल लाखांत येतं, म्हणजे एका बिलात कित्येक वर्षांची बचत साफ. आणि गोवा केवढा? पेडण्यापासून काणकोणपर्यंत गेलात तरी शंभर-सव्वाशे किलोमीटर. इथे वर्षाला दहा हजार करायलाही कष्ट पडतात. शांतपणा हवा, आराम हवा, म्हणून घ्या. बचतीसाठी घेत असाल तर ज्या गाडीच्या डिकीत मासळीची पाटी मावते अशी कुठलीही साधी हॅचबॅक बरी.

जुन्या किमतीवरून सूट मोजू नका, हेही इथेच सांगतो. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी सरसकट ४० टक्के झाला, त्याआधी हायब्रिडवर सेस धरून ४३ होता. विक्रेता पाच वर्षांपूर्वीचं बिल दाखवून "निम्म्यात देतोय" म्हणेल. तुम्ही आजच्या नव्या गाडीचं कोटेशन खिशात ठेवा.

पाण्यात बुडालेली गाडी

जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, त्याच आठवड्यात आपल्याकडे सत्तरी-डिचोलीत पाणी शिरलं. अशा गाड्या मरत नाहीत, गाव बदलतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, वरचा भाग धुतलेला असतो, तळाशी रेघ राहते. डिकीतलं स्पेअर चाक उचला. सीटचे बोल्ट गंजलेले आणि कार्पेट कोरं नवं, असं दिसलं तर निघा. मोठी बॅटरी सीटखाली किंवा गाडीच्या पोटात असते, तिथवर पाणी गेलेली हायब्रिड फुकट मिळाली तरी मी घेणार नाही.

बाकीच्या, झटपट

किनाऱ्यावर वाळूत घातलेली गाडी खालून बघा, सस्पेन्शनच्या सांध्यात वाळू आणि मीठ लपत नाही. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणं गोव्यात बेकायदा आहे, तरी रील काढायला नेतातच.

ब्रेकच्या डिस्कवर वरवरचा गंज दोन-चार ब्रेकांत जातो. खड्डे पडलेले असतील तर डिस्क बदलायचा खर्च किमतीतून वजा करा.

बॅटरीची वॉरंटी गाडी पहिल्यांदा विकली त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही घेतली त्या दिवसापासून नाही. लेक्ससची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर धरली, तर सात वर्षांच्या गाडीला एकच वर्ष उरलं. ती दुसऱ्या मालकाला चालू राहते का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

गोव्यात कंपनीचं हाय व्होल्टेज प्रशिक्षित वर्कशॉप आहे का, ते टोकनाआधी फोन करून विचारा. नसेल तर बिघडलेली गाडी ट्रकवर घालून घाट ओलांडावा लागेल.

चोर्ला घाट उतरताना बॅटरी भरली की इंजिन एकाएकी जोरात फिरतं. तो बिघाड नाही, इंजिन ब्रेकचं काम करतंय. यावरून किंमत पाडायला जाऊ नका, हसं होतं.

एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर इंधनाच्या झाकणाआतला स्टिकर वाचा, २० टक्के इथेनॉल चालतं का ते कळेल.

कागद

बाहेरच्या राज्याची गाडी स्वस्त दिसते, कारण उरलेला खर्च तुमच्या डोक्यावर असतो. जुन्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागते, विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५. मग गोव्यात नवा नंबर आणि गाडीच्या वयानुसार इथला रोड टॅक्स. जुन्या राज्यातला परतावा मागता येतो, पण तो मिळेलच असं धरून किंमत ठरवू नका. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्याच्या नंबरवर गाडी ठेवता येत नाही, हे "चालतं हो" म्हणणाऱ्या एजंटला सांगा. एमपरिवहन या सरकारी ॲपवर चॅलन, विमा आणि कर्जाचा बोजा बघा. दिल्लीच्या गाडीवर तिथल्या चॅलनांची माळ असू शकते, आणि ती सुटेपर्यंत एनओसी अडकते.

विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, विक्रेत्याबरोबर जातो, तुमच्याकडे येत नाही. मालकी बदलल्यावर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज करायचा, आणि मोठी बॅटरी त्यात कशी धरली आहे ते तेव्हाच विचारायचं.

टोकन द्यायचंच असेल तर पावतीवर एक ओळ लिहून घ्या: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या हायब्रिड बॅटरी तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत. ही ओळ लिहायला नकार देणारा विक्रेता भेटला तर पुढची गाडी बघा. आणि घाई नसेल तर पितृपक्षापर्यंत थांबा. त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक फिरकत नाही, एजंटही जमिनीवर येतो, आणि सकाळी सातला थंड बॉनेटची गाडी दाखवायलाही तयार होतो.