जुन्या पोलिसी रिव्हॉल्व्हरची किंमत काढायचीय? आधी पॉलिशचं फडकं खाली ठेवा

सातारा-सांगलीकडे जुनी रिव्हॉल्व्हर अजून बऱ्याच घरांत आहेत. कुणाचे आजोबा फौजदार होते, कुणाचे औंध, फलटण नाहीतर सांगली संस्थानच्या नोकरीत. परवाना वारसाच्या नावावर झालेला असतो आणि एक दिवस नातू विचारतो, "काका, याचे किती येतील?" उत्तर देणारे गावात खूप. कुणी इंग्लंडातल्या लिलावाचा आकडा मोबाइलवर दाखवतो, कुणी "अँटिक आहे, लाखात जाईल" म्हणतो. दोघांचंही ऐकू नका.

हत्यार परवानाधारकानंच हाताळायचं आणि आधी रिकामं आहे ना ते बघायचं, हे वेगळं सांगायला नको.

पहिलं काम कागदाचं. परवान्यावरचा नंबर, बोअर (नळीच्या भोकाचं माप) आणि कंपनीचं नाव हत्यारावर आहे तसंच हवं. परवान्याला यूआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीतला स्वतंत्र ओळख क्रमांक हवा. जुळत नसेल तर किमतीची गोष्ट तिथंच थांबवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची परवाना शाखा गाठा. नंबर घासलेला असेल तर किंमत शून्य. असं हत्यार विकणं कायद्यानंच बंद आहे.

मग बोअर. आपल्याकडचा भाव इथं फिरतो आणि परदेशी आकडे इथंच निरुपयोगी ठरतात. .३८० किंवा .४५५ चं रिम (बुडाशी बाहेर आलेली कड) असलेलं काडतूस ज्यात बसून उडतं, ते रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. पोलिसांची आणि लष्कराची नावाजलेली हत्यारं नेमकी तीच: इंग्लंडच्या वेब्ली कंपनीचं १९१५ चं मार्क ६, .३८ चं वेब्ली मार्क ४, १९३२ साली स्वीकारलेलं एनफिल्ड नंबर २. ती घ्यायला परवानगी असलेला माणूस शोधूनही सापडत नाही. उलट .३२ चं लहानसं वेब्ली अँड स्कॉट, ज्याच्याकडे परदेशी संग्राहक फारसं बघणारही नाही, त्याला इथं गिऱ्हाईक रांगेत उभं असतं. १९८० च्या दशकात खाजगी आयात थांबली, त्यामुळे बाहेरून आलेला माल आहे तेवढाच. आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे तुम्ही देशाबाहेर विकू शकत नाही. मग इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा भाव कोरेगावात कसा लागणार?

कुणी म्हणेल, बंदच पडलेलं आहे, परवाना कशाला? शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्यारांना सूट आहे खरी, पण हत्यार त्यात बसतं की नाही हे घरमालकानं ठरवायचं नसतं.

ओळख पटवणं अवघड नाही, फक्त नावावर जाऊ नका, शिक्क्यांवर जा. नळीवर 'वेब्ली' दिसलं की लोक हुरळतात. बेल्जियममध्ये वेब्लीच्या बुलडॉग नावाच्या आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरच्या नकला ढिगानं झाल्या. लंबगोलात ईएलजी अक्षरं दिसली तर माल बेल्जियमच्या लीज शहरातला. १९०४ नंतरच्या बर्मिंगहॅमच्या मालावर मुकुटाखाली बीव्ही, बीपी, एनपी असे तपासणीचे ठसे असतात. अक्षर उलटं किंवा स्पेलिंग चुकलेलं असेल तर ते वायव्य सरहद्दीकडच्या कारागिरांनी हातानं केलेली नक्कल. ब्रिटिश सरकारच्या मालकीचा बाणाचा ठसा असेल तर त्याच्यासमोर टोकाला टोक लावून दुसरा बाण आहे का बघा. ती सरकारनं रीतसर विकल्याची खूण. संग्राहक ती आवर्जून शोधतो.

आता खरी डोकेदुखी: वरचा थर मूळचा आहे की पुन्हा चढवलेला? मला हे नजरेत बसायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि शिकवायला कुणी नव्हतं. निळसर काळा थर म्हणजे ब्लूइंग. ते नवं करून दिलं की हत्यार नव्यासारखं दिसतं आणि मालक खूश होतो. संग्राहक मात्र तेवढ्यावरच भाव पाडतो. माझा हिशेब विचाराल तर पुन्हा ब्लूइंग केलेल्याला मी निम्म्याहून जास्त धरत नाही, मग मालक कितीही रागावो.

ट्यूबलाइटखाली बघू नका. सकाळी खिडकीशी बसा, प्रकाश तिरपा पडू द्या, हातात भिंग घ्या. आधी अक्षरं बघा. मूळ ठशाच्या कडा बोटाला लागतात. पॉलिशच्या चाकावर गेलेली अक्षरं विरघळल्यासारखी दिसतात, एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला पुसट. मग स्क्रूची भोकं. मूळ भोकाची कड सरळ तुटते. चाक फिरलं की भोवती बशीसारखा खळगा पडतो. सपाट बाजू डोळ्याच्या रेषेत धरा. प्रकाश लाटेसारखा हलला तर ती घासलेली आहे.

त्यानंतर गंजाचे खड्डे. मूळ थरावर गंज चढला असेल तर खड्ड्याचा तळ तपकिरी. तळही काळा चकचकीत असेल तर आधी गंज आणि मग रंग. निकेलचंही तसंच: मूळ निकेल पापुद्रे काढतं, नवं निकेल खड्ड्यातही चमकतं. सांगलीत २०१९ च्या पुरात भिजलेल्या कपाटांतली हत्यारं बघताना हे विशेष तपासा. पाटण-महाबळेश्वरकडे चामड्याच्या म्यानात पावसाळे काढलेल्या हत्याराचंही तेच. चामडं ओल धरून ठेवतं. म्यान जपा, पण हत्यार बाहेर ठेवा.

झीज कुठं आहे तेही बोलतं. म्यानातून काढघाल झालेल्या पोलिसी हत्याराचं नळीचं तोंड आणि सिलिंडरच्या कडा उजळतात. बाकी सगळं जुनं आणि तिथं मात्र कोरा काळा रंग, तर कुणीतरी हात फिरवलाय.

उलटा सापळाही आहे. युद्धकाळातल्या वेब्ली मार्क ४ वर 'वॉर फिनिश' असा ठसा सापडतो. त्याच्यावरचे यंत्राचे ओरखडे कारखान्यातले आहेत. ते "गुळगुळीत करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

यंत्रणा तपासणं सोपं: घोडा चढवल्यावर सिलिंडर हलतं का, बिजागरी ढिली आहे का, फ्रेमवरचा आणि सिलिंडरवरचा नंबर एकच आहे का. मूठ बदललेली असेल तर थोडं कापा, नंबर वेगळे असतील तर बरंच.

आकडा काढताना मागितलेली किंमत विचारू नका, हातात पडलेली विचारा. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुण्यातल्या परवानाधारक विक्रेत्यांना त्याच बोअरचं, त्याच बनावटीचं शेवटचं हत्यार कितीला गेलं ते विचारा. 'दुकानात लावलाय' तो भाव धरू नका. त्यातून पॉलिश, नंबर आणि गंजाची कपात करा. आजोबांचा नेमणुकीचा कागद किंवा गणवेशातला फोटो असेल तर थोडं वाढवा. "साहेबांनी दिलं होतं" या नुसत्या बोलण्याला काही नाही. घेणाऱ्याकडे आधीच दोन हत्यारं असतील तर त्याच्याशी घासाघीस करू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला तिसरं घेताच येत नाही.

अंदाज लेखी द्या, नंबर आणि तारखेसह, ठशांचे जवळून काढलेले फोटो जोडून. सौदा ठरला तर घेणाऱ्याच्या तपशिलासह जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला किमान ४५ दिवस आधी लेखी कळवा. तोवर इसार घेतला तरी हत्यार तुमच्याच कुलपात राहील.