फ्लाय फिशिंगमध्ये पुढे जायचंय? ध्येय ठरवताना या चुका टाळा

फ्लाय फिशिंग म्हणजे पिसं-दोऱ्याने किड्यासारखा सजवलेला हलका गळ (फ्लाय) लाइनच्या वजनाने पाण्यावर फेकून मासा धरणं. इंदूरमध्ये राहून हे शिकायचं म्हणजे ट्राउटचं (थंड पाण्यातला मासा) पाणी दोन दिवसांच्या प्रवासावर, वर्षातून एखादी हिमाचलची ट्रिप जमली तर जमली, आणि त्यामुळे होतं काय की आपण वर्षभराची सगळी आशा त्या एका ट्रिपवर टाकून बसतो. मी पण तेच केलं होतं. पहिल्यांदा तीर्थन नदीवर गेलो तेव्हा वहीत लिहिलं होतं "५ ट्राउट". हातात चार दिवस, दुसऱ्याच दिवशी वर डोंगरात कुठेतरी जोरात पाऊस झाला, नदी गढूळ झाली ती आम्ही निघेपर्यंत साफ झाली नाही. मासा मिळाला नाही याचं वाईट वाटलंच, पण जास्त वाईट याचं वाटलं की चार दिवसांत मी काय शिकलो हे मला सांगताच येईना, कारण वहीत माशांशिवाय मोजण्यासारखं काही लिहिलेलंच नव्हतं.

चूक १: माशांचा आकडा ठरवणं

पाऊस, पाण्याची पातळी, त्या दिवशी माशाला भूक आहे की नाही, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. हातात असतं ते कास्ट (लाइन फेकणं), गाठ आणि पाण्यावर फ्लाय कशी वाहते ते. मग ध्येय पण त्याचंच ठेवा ना. उदाहरणार्थ, ३० फुटांवर सायकलचा जुना टायर ठेवायचा आणि १० कास्टपैकी ६ त्याच्या आत पडले पाहिजेत. किंवा अंधुक उजेडात टिपेटला (दोऱ्याचं शेवटचं बारीक टोक) फ्लाय बांधायची, गाठ आवळण्याआधी ती ओली करायची (कोरडी आवळली तर घासून गरम होते आणि दोरा तिथेच कमजोर पडतो), आणि ओढून बघितल्यावर लागोपाठ ५ गाठी टिकल्या पाहिजेत. हे घरी गच्चीवर होतं, त्याला नदी लागत नाही.

चूक २: लांब कास्टचं वेड

व्हिडिओत ८०-९० फूट लाइन उडताना दिसते आणि आपण तेच ठरवतो. पण डोंगरातल्या ओढ्यात ट्राउट बहुतेक वेळा २०-३० फुटांतच उभा असतो, एखाद्या दगडाच्या आडोशाला. लाइन जितकी लांब टाकाल तितकी ती वेगवेगळ्या वेगाच्या धारांवर पडते, मधली जोरदार धार लाइनचा मधला भाग धरून खाली ओढते, तिच्यामागे फ्लाय पण ओढली जाते आणि माशाला लगेच कळतं की हा किडा असा वाहत नाही. म्हणून लाइन पडल्यावर रॉडच्या टोकाने ती हलकेच उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायची, यालाच मेंडिंग म्हणतात. पहिल्या वर्षाचं ध्येय माझ्या मते हेच असावं, ३० फूट कास्ट आणि त्यावर ५-६ सेकंद न ओढली जाता वाहणारी फ्लाय.

चूक ३: रोज सराव, पण काय चुकतंय ते बघायचं नाही

ही सगळ्यात मोठी. मी सुदामा नगरातल्या मैदानावर सकाळी साडेसहाला जायचो, गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून तासभर कास्ट करायचो आणि समजायचो सराव झाला. एकदा दादाने बाजूने मोबाइलवर शूट केलं तेव्हा कळलं की तीन महिने मी चूकच पक्की करत होतो. व्हिडिओ काढाच, आणि नेहमी बाजूने काढा. मग हे तपासा.

मागे फट्ट असा चाबकासारखा आवाज येतो का? म्हणजे मागची लाइन पूर्ण सरळ व्हायच्या आधीच तुम्ही रॉड पुढे आणताय. नदीवर असं झालं की फ्लाय तुटून जाते. मान वळवून मागे बघा, लाइन सरळ झालेली दिसली की मगच पुढे.

लूप (हवेत लाइनला पडणारा वळसा) खूप रुंद होतो आणि लाइन समोर ढीग होऊन पडते? मनगट जास्त वाकतंय. रॉडचा खालचा भाग फुलबाहीच्या शर्टच्या कफमध्ये खोचा, मनगट वाकलं की लगेच जाणवतं. (थंडीत जॅकेट असेल तर आणखी बरं.)

लीडरमध्ये (लाइन आणि फ्लायच्या मधला बारीक दोरा) आपोआप गाठी पडतायत? लोक वाऱ्याला दोष देतात, पण बहुतेक वेळा सुरुवातीलाच एकदम झटका दिल्यामुळे रॉडचं टोक खाली दबतं आणि लाइन स्वतःलाच अडकते. हळू सुरू करा, वेग वाढवत न्या आणि मग थांबा, थांबणं स्पष्ट पाहिजे.

आणि हे तिन्ही एकदम सुधारायला जाऊ नका प्लीज, दोन आठवडे एकच चूक धरा.

चूक ४: सामान घेणं म्हणजेच प्रगती

९ फुटी ५ वेटचा (म्हणजे ५ नंबरच्या लाइनसाठीचा) एक बरा रॉड ट्राउटला पुरतो. बस. आणि मे महिन्यात रील गाडीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात लाइनचं कोटिंग खराब होतं.

चूक ५: कॅलेंडर न बघता तारीख ठरवणं

आपल्याकडे सुट्टी म्हटली की दिवाळी. पण हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउट फिशिंग बंद असतं कारण तेव्हा ते अंडी घालतात, आणि दिवाळी बरेचदा नोव्हेंबरमध्येच येते. मार्च ते जूनची सुरुवात धरा, परवाना घ्या, आणि तारखेपासून उलटे १० आठवडे मोजून सराव वाटून घ्या. आपल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, ते पण पाळा.

बाकीचे महिने वाया जात नाहीत. पावसाळ्यानंतर इंदूरजवळच्या चोरलकडचं पाणी निवळलं की वरच्या थरात चिलवा (छोटे चंदेरी मासे) फिरतात, बारीक फ्लायवर येतात आणि क्षणात सोडून देतात, हात वेळेवर उचलायला यापेक्षा चांगला गुरू नाही. फक्त आधी तिथे मासेमारीचा ठेका कोणाचा आहे ते विचारून परवानगी घ्या. नर्मदेतला बाडस, म्हणजे आपला महाशीर, मात्र ध्येयाच्या यादीत लिहू नका. २०११ मध्ये तो राज्याचा मासा जाहीर झाला, पण धरणांमुळे त्याला लागणारं वाहतं पाणी कमी झालंय आणि तो खरंच कमी झालाय. चुकून लागलाच तर पाण्यातच धरून गळ काढा. त्यासाठी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडने दाबून ठेवायची सवय लावा, हे पण एक ध्येयच आहे.

माझ्या वहीत या वेळी माशांचा आकडा नाही. लिहिलंय: टायर ३० फुटांवर, १० पैकी ७, डाव्या बाजूने वारा असताना. काल ४ पडले.