हौदातले मासे मरायला लागले, की

पहिला मेलेला मासा दिसला की लोक दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणतात आणि हौदात ओततात. तेवढे करू नका. अंगणातल्या हौदातले कोई आणि गोल्डफिश बहुतेक वेळा बिघडलेल्या पाण्याने जातात, रोग मागून येतो. शिवाय फॉर्मेलिनसारखी औषधे पाण्यातला ऑक्सिजन आणखी खातात, म्हणजे जो मासा सकाळपर्यंत तग धरून होता तोही जातो.

आधी मरण्याची तऱ्हा बघा. पहाटे मेले, मोठे आधी गेले, तोंडे उघडी, कल्ले फाकलेले आणि पिल्ले मात्र शाबूत, तर ऑक्सिजन कमी पडला. लहानमोठे सगळे दोनचार तासांत गेले, पाण्यातले किडेही मेले, तर काहीतरी विषारी आत गेले. रोज एखाद-दुसरा मरतोय आणि अंगावर ठिपके, जखमा किंवा धागे दिसताहेत, तरच रोगाचा विचार करा.

ऑक्सिजनचा फटका पहाटेच बसतो, कारण शेवाळाने हिरवे झालेले पाणी दिवसा ऑक्सिजन सोडते आणि रात्रभर तोच ओढून घेते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणून एप्रिल-मे आणि ढगाळ दिवसांनंतरची सकाळ सांभाळायची. मासे पृष्ठभागावर तोंड काढून गटकताना दिसले की एअरपंप लावा. नसेल तर नळी उंच धरून पाण्याची धार पाडा, तेही जमत नसेल तर बादलीने पाणी उपसून वरून ओता. खाणे त्या दिवशी बंद. लाइट जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवरचा एअरपंप घेऊन ठेवा. आणि लाइट सहा-आठ तास गेली असेल तर आल्या आल्या फिल्टर चालू करू नका. आत साचून कुजलेले पाणी थेट हौदात येते. ते बाहेर काढा, स्पंज हौदाच्याच पाण्यात पिळा, मग बटण दाबा.

पुढचे सगळे मोजमापावर आहे, म्हणून हौद किती लिटरचा ते एकदा मोजून भिंतीवर लिहूनच ठेवा. लांबी, रुंदी, पाण्याची खोली फुटांत घेऊन गुणाकार करा आणि त्याला २८.३ ने गुणा. ८ बाय ५ चा, अडीच फूट पाण्याचा हौद म्हणजे २,८३० लिटर. नुसत्या अंदाजाने औषध घालणे हे मासे मरण्याचे आणखी एक कारण आहे.

माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया हे विष साठते; ते मोजायला थेंबांचे किट घ्या. आकडा शून्य हवा. पाणी जितके अल्कधर्मी आणि गरम, तितका तोच अमोनिया जास्त घातक होतो. हिरव्या हौदाचा पीएच, म्हणजे अल्कधर्मीपणा, दुपारी चढतो, म्हणून तपासणी दुपारी करा. अमोनिया निघाला तर खाणे थांबवा आणि रोज तिसरा हिस्सा पाणी बदला. नळाचे पाणी थेट सोडायचे नाही: दुकानातले अँटिक्लोरीनचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, हजार लिटरला साधारण ७ ग्रॅम पुरतात. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर बऱ्याचदा सढळ हाताने पडलेली असते. त्याला २० ग्रॅम घाला. नायट्राइट (अमोनियापासून पुढे बनणारे दुसरे विष) वाढले की कल्ले तपकिरी दिसतात. तिथे हजार लिटरला १ किलो मीठ टाकले की विषबाधा आवरते.

विष कुठून येते? डासांच्या फवारणीतून, शेजारच्या बागेतल्या कीटकनाशकातून, आणि कुत्र्याच्या गोचिडांच्या औषधातून. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या जातीची औषधे माशांना अगदी थोडी पुरतात. औषध लावलेला कुत्रा हौदाशेजारी धुऊ नका आणि काही दिवस त्याला पाण्यात उतरू देऊ नका. गणेशोत्सवात आणखी एक धोका असतो. पीओपीची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवतात, ते पाणी झाडांना पातळ करून चालते, हौदात तांब्याभरही नको. शाडूची मूर्तीही बादलीतच विसर्जित करा. बारीक माती कल्ल्यांत बसते.

आता रोग. पांढरे ठिपके, रव्यासारखे, पंखांवर आणि अंगावर, हा आपल्याकडे नेहमीचा. याला मीठ चालते: हजार लिटरला एकूण ३ किलो खडे मीठ, १ किलो एका वेळी, बारा-बारा तासांनी, बादलीत विरघळवून. कोरडे मीठ टाकले की तळाशी बसते आणि त्यावर विसावलेला मासा भाजतो. कमळे आधी दुसरीकडे हलवा, ती टिकणार नाहीत. फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया शोषणारे खडे) असेल तर काढा, कारण मीठ लागले की ते धरून ठेवलेला अमोनिया सोडून देते. ठिपके चारपाच दिवसांत गायब झाले तरी मीठ दोन आठवडे राहू द्या. ठिपक्यातला परजीवी माशाच्या कातडीखाली सुरक्षित असतो, तो सुटून तळाला जाऊन नवी पिल्ले सोडतो तेव्हाच मरतो. मीठ उडून जात नाही. पाणी आटले म्हणून भर घालताना पुन्हा मीठ घालू नका.

अंगातून हिरवट-पांढरा धागा लोंबत असेल तर तो अँकर वर्म. चिमट्याने मुळाशी धरून सावकाश ओढा, जागेवर बेटाडीन लावा आणि मासा लगेच पाण्यात सोडा. चपटा, काचेसारखा, दोनचार मिलिमीटरचा सरकणारा ठिपका म्हणजे माशांची ऊ. या दोघांवर ३ किलोच्या मिठाचा उपयोग नाही. पशुवैद्याला फोटो दाखवून औषध घ्या.

शेततळ्यातल्या रोहू-कटल्याचा हिशेब वेगळा. पावसाळ्यानंतर थंडी पडली की लाल चट्टे आणि खोल जखमा आल्या तर तो बुरशीचा व्रणरोग असू शकतो. तिथे चुना आणि भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेने काढलेले सिफॅक्स हे औषध वापरतात, हेक्टरी दर मीटर खोलीला १ लिटर. खायच्या माशांना ॲक्वेरियमची रंगीत औषधे कधीच नाहीत.

खवले पिंजारून उभे राहिले, पोट फुगले, मासा दिवसेंदिवस आडवा पडून आहे आणि खात नाही, तर तो बहुधा वाचत नाही. फ्रीजरमध्ये टाकणे किंवा पाण्याबाहेर ठेवणे क्रूर आहे. मेडिकलमध्ये लवंग तेल मिळते. बाटलीत कोमट पाणी आणि तेल घालून जोरात हलवा, नाहीतर तेल वर तरंगते. आधी बादलीत लिटरला १ थेंब या मापाने घाला. मासा गुंगला की लिटरला १० थेंबांपर्यंत वाढवा. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसाच ठेवा.

मेलेला मासा हातमोजे घालून काढा, हाताला चीर असेल तर नक्कीच. दोन फूट खोल पुरा, वर चुना टाका. नदी-नाल्यात सोडू नका, मांजराला घालू नका. नवा मासा आणला तर चार आठवडे वेगळ्या टबात, वेगळ्या जाळीने.

कुत्र्या-मांजरांचे पाहायचे तर काही गोष्टी उद्यावर ढकलायच्या नसतात. बोका लघवीला बसतोय पण थेंबही येत नाही. कुत्र्याच्या हिरड्या पांढुरक्या झाल्या किंवा नाकातून रक्त आले (गोचीड ताप). पिल्लाला रक्ताची हगवण लागली. झोपेत मिनिटाला श्वास तीसच्या वर राहिले तरी दाखवा. घरातले पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराला एक गोळीही मारू शकते. डॉक्टर लांब असेल तर १९६२ वर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा. वागणे एकाएकी बदलले, लाळ गळतेय, गिळता येत नाही, तर हात लावू नका. रेबीजचा संशय धरा. चावले असेल तर साबण लावून १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवा आणि थेट लसीला जा.

कुत्रा किंवा मांजर बरे होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले तर कॅलेंडरवर रोज एक खूण करा: खाल्ले का, स्वतः उठला का, वेदनेशिवाय झोपला का. वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त झाले की शांत मरण देणाऱ्या इंजेक्शनचे बोलणे काढायला हरकत नाही. आधी गुंगीचे, मग शेवटचे, असे दोन टप्प्यांत करायला सांगा. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा श्वास किंवा स्नायूचा झटका येतो, लघवी सुटते; हे आधी माहीत नसेल तर घरचे हादरतात. त्या औषधाचा अंश शरीरात राहतो, म्हणून उघड्यावर टाकू नका: भटकी कुत्री आणि गिधाडेही मरतात. मीटरभर खोल, विहिरीपासून दूर पुरा. मुंबईत मालाडला महापालिकेचे पाळीव प्राण्यांचे दहनगृह आहे; इतरत्र पालिकेच्या आरोग्य खात्यात विचारा.

मुलांना ‘झोपलाय’ म्हणू नका, रात्री झोपायला घाबरतात. ‘मेला, आता परत येणार नाही’ हेच सांगा, पुरताना सोबत घ्या. मुलांच्या नकळत तसाच दुसरा मासा आणून सोडणे तर नकोच. घरात दुसरा कुत्रा असेल तर रोग संसर्गाचा नसल्यास त्याला एकदा हुंगू द्या. दोनचार दिवस तो शोधत फिरेल, कमी खाईल. जेवणाच्या आणि फिरायच्या वेळा बदलू नका. दोन दिवस अजिबात खाल्ले नाही तर त्यालाही तपासा, पहिला गोचीड तापाने गेला असेल तर यालाही तो असू शकतो.

पार्व्होने (रक्ताची हगवण लावणाऱ्या विषाणूने) पिल्लू गेले असेल तर दुसरे पिल्लू आणायची घाई नको. विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. फरशी तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून दहा मिनिटे ओली ठेवा; मातीवर त्याचा उपयोग नाही. आणायचाच तर लसी पूर्ण झालेला मोठा कुत्रा आणा. उरलेल्या गोळ्या शेजारच्या कुत्र्याला देऊ नका, हौदाच्या पाण्यात तर मुळीच टाकू नका. कुत्र्याचा पालिकेचा परवाना काढलेला असेल तर कुत्रा गेल्याचे कळवून तो रद्द करून घ्या.