बाहेरच्या फाटकासाठी इलेक्ट्रिक स्ट्राइक : पाऊस, खारा वारा आणि बारा व्होल्ट

सोसायटीच्या पादचारी फाटकावर कार्ड रीडर बसवायचं ठरलं की चर्चा होते ती फक्त रीडरची. कार्ड घ्यायचं की बोटाचा ठसा, मोबाइलवरून उघडेल का, नोंद किती दिवस राहील. दार प्रत्यक्ष धरून ठेवणारा आणि सोडणारा भाग म्हणजे चौकटीतला इलेक्ट्रिक स्ट्राइक. कोटेशनमध्ये तो शेवटच्या ओळीत ‘स्ट्राइक, १ नग’ एवढाच उरतो. पहिल्याच पावसाळ्यात बंद पडतो तो मात्र हाच.

स्ट्राइकमध्ये दारावरचं यांत्रिक कुलूप आहे तसंच राहतं. लॅच ज्या खाचेत अडकतो त्या खाचेची एक बाजू फिरती असते, तिला आपण जीभ म्हणू. सोलेनॉइडला (वीज मिळाली की चुंबक होणाऱ्या कॉइलला) वीज मिळाली की जिभेची अडण सुटते आणि दार ढकललं की लॅच तिला बाजूला सारून बाहेर येतो. म्हणजे हलणारा भाग आणि खाच कायम उघडीच असते. पाणी आत येणार हे गृहीत धरूनच निवड करायची. प्रश्न एवढाच, की आलेलं पाणी कुठे साचतं आणि कॉइलपर्यंत पोचतं का.

आधी फाटक बघा

अल्ड्रॉप किंवा कडी असलेल्या फाटकाला स्ट्राइक चालत नाही. स्प्रिंगवर आत-बाहेर होणारा, तिरकस तोंडाचा लॅच असलेलं कुलूप हवं. सरकत्या फाटकाचाही प्रश्न निकाली, त्याला मोटर लागते. बिजागऱ्या झिजून फाटक चार-पाच मिलिमीटर खाली बसलं असेल, तर लॅच जिभेवर तिरका टेकतो आणि कितीही महाग स्ट्राइक अडकतो. बिजागरी आधी दुरुस्त करा. दार आणि चौकट यांत साधारण ३ मिमी फट राहील असं जुळवा. सहा-सात मिमी झाली की लॅच जिभेत पुरेसा घुसत नाही आणि धक्क्याने दार निसटतं.

साध्या लोखंडी पाइपच्या फाटकाला, जिथे खाच पाडायला धड जागा नाही, तिथे स्ट्राइकचा हट्ट धरू नये. पृष्ठभागावर बसणारं इलेक्ट्रिक रिम लॉक बरं पडतं. त्यातल्या बऱ्याच मॉडेलना क्षणभराचा झटका पुरतो, मग दार एकदा उघडून लागेपर्यंत ते सुटंच राहतं, हे मात्र वॉचमनला सांगून ठेवावं. मॅग्नेटिक लॉक उघड्यावर आम्ही सुचवत नाही. त्याच्या पट्टीवर गंज किंवा चिखल बसला की पकड घटते, आणि वीज आणि बॅटरी दोन्ही गेल्या की फाटक सताड उघडं.

आयपी आकडा नेमका कशाचा

आयपी म्हणजे धूळ-पाणी किती रोखलं जातं याची श्रेणी. आयपी ५४ मधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा ४ म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी सहन होतं, ५ म्हणजे पाण्याची धार, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण वर सांगितल्याप्रमाणे स्ट्राइकची खाच उघडी असते, म्हणून डब्यावर ‘आयपी ६७’ दिसलं तर तो आकडा बहुतेक वेळा रेझिनमध्ये बंद केलेल्या कॉइलचा असतो. विक्रेत्याला सरळ विचारा: हा आकडा पूर्ण स्ट्राइकचा की फक्त कॉइलचा? फक्त कॉइलचा असला तरी हरकत नाही, उलट बाहेर वापरायला रेझिनबंद कॉइल हीच सर्वात कामाची गोष्ट आहे. छपराखालच्या दाराला एकूण आयपी ५४ पुरतं. थेट पावसात उभ्या फाटकाला रेझिनबंद कॉइल, खालून निचऱ्याची वाट आणि कारखान्यातच जोडलेली शेपटीवायर, या तिन्ही गोष्टी हव्यात. उघड्या स्क्रू-टर्मिनलचा स्ट्राइक बाहेर लावूच नये.

आयपी आकड्यात मिठाचा विचार नसतो, हे विसरलं जातं. मालवण, अलिबाग किंवा वरळीच्या समुद्राकडच्या फाटकाला वेगळी कसोटी लागते, ती म्हणजे मिठाच्या फवाऱ्याचे तास. युरोपियन मानक ईएन १६७० प्रमाणे तिसरी श्रेणी ९६ तास, चौथी २४०, पाचवी ४८० तास. किनाऱ्यावर चौथीच्या खाली जाऊ नका. स्ट्राइकची दर्शनी पट्टी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची घ्या. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये ते नसतं आणि खाऱ्या वाऱ्यात ३०४ वर काही महिन्यांत चहासारखे डाग उठू शकतात. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाहीत. मॉलिब्डेनमचं थेंब-परीक्षा किट मिळतं, नाहीतर बिलावर ग्रेड लिहून घ्यावी. जस्ताच्या ओतीव भागावर नुसता क्रोम मुलामा असलेला स्वस्त स्ट्राइक पुण्यात निभावेल, रत्नागिरीत नाही.

वीज गेल्यावर काय व्हावं

फेल सिक्युअर म्हणजे वीज नसताना बंद. फेल सेफ म्हणजे वीज नसताना उघडा. कंपाउंडच्या फाटकाला फेल सिक्युअर घ्या, पण आतल्या बाजूला यांत्रिक हँडल असलंच पाहिजे, म्हणजे बाहेर पडणाऱ्याला विजेची गरज पडत नाही. जाळीचं फाटक असेल तर बाहेरचा माणूस गजांतून हात घालून तेच हँडल फिरवतो. हँडलभोवती हात पोचणार नाही इतका रुंद पत्रा वेल्ड करून घ्या. आगरोधक दारावर फेल सिक्युअरच लागतो, तोही त्या दारासाठी प्रमाणित, कारण आगीत लॅच अडकलेला राहायला हवा.

फेल सेफ स्ट्राइक दिवसरात्र प्रवाह खातो. २५० मिलिअँपिअरचा स्ट्राइक आणि तेवढंच खाणारा कंट्रोलर (कार्ड तपासून स्ट्राइकची वीज चालू-बंद करणारी पेटी) असेल, तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १४ तास चालते, जुनी झाली की त्याच्या निम्मीही नाही. शिवाय कॉइल कायम तापलेली राहते, म्हणून ‘कंटिन्यूअस ड्यूटी’ लिहिलेलीच घ्यावी लागते.

व्होल्ट कुठे हरवतात

‘पाणी गेलं’ म्हणून बदललेले अनेक स्ट्राइक खरं तर उपाशी असतात. हिशोब करून बघा. १२ व्होल्ट, अर्धा अँपिअर, म्हणजे कॉइलचा रोध २४ ओहम. कंट्रोलर वॉचमनच्या केबिनमध्ये, फाटक ४० मीटरवर. जाऊन-येऊन वायर ८० मीटर. कॅट ५ केबलची एकच जोडी वापरली तर वायरचा रोध सुमारे ७ ओहम, आणि स्ट्राइकपाशी उरतात जेमतेम सव्वानऊ व्होल्ट. ०.५ चौरस मिमीच्या वायरने साडेदहाच्या आसपास. बऱ्याच स्ट्राइकची सूट दहा टक्के, म्हणजे १०.८ पर्यंतच असते. १.५ चौरस मिमी टाकली की साडेअकरा मिळतात. याच अंतरावर निम्मा प्रवाह घेणारा २४ व्होल्टचा स्ट्राइक लावला, तर ०.५ च्या वायरनेही २३ च्या वर व्होल्ट पोचतात. तीस मीटरच्या पुढे म्हणूनच २४ व्होल्टचा पर्याय आधी बघावा.

यात उन्हाचा हिशोब मिळवा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात काळ्या रंगाच्या चौकटीत कॉइल ७० अंशांवर गेली, तर २० अंशांच्या तुलनेत रोध पाचव्या हिश्श्याने वाढतो आणि प्रवाह सहाव्या हिश्श्याने घटतो. सकाळी चालणारं आणि दुपारी दोनला अडणारं फाटक हे याचंच लक्षण. उलटही घडतं: बॅटरी चार्ज करणारा पुरवठा प्रत्यक्षात १३.८ व्होल्ट देतो, आणि १३.२ ची मर्यादा असलेली कायम चालू कॉइल हळूहळू भाजून निघते. फेल सेफ घेताना वरची मर्यादा किमान १४ आहे का, हे पत्रकात बघा.

डीसी स्ट्राइकच्या दोन वायरांवर, शक्य तितक्या स्ट्राइकजवळ, १एन४००७ डायोड आडवा जोडा, चंदेरी पट्टी धनाकडे. कॉइल बंद होताना उसळणारा उलटा दाब तो पिऊन टाकतो. नसला तर कंट्रोलरच्या रिलेचे (स्ट्राइकची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) संपर्क चिकटतात किंवा रीडर मधूनच रीसेट होतो. डायोड उलटा लावलात तर पुरवठा शॉर्ट होईल. एसी स्ट्राइकला डायोड चालत नाही, तिथे व्हॅरिस्टर लागतो.

बसवताना

चौकटीच्या पोकळीत सर्वात खाली ६ मिमीचं छिद्र पाडा. कापलेल्या कडांना झिंक प्रायमर लावल्याशिवाय पट्टी बसवू नका, कारण गंज तिथूनच सुरू होतो. पट्टी आणि लोखंडामध्ये पातळ निओप्रीन गॅस्केट, आणि स्क्रूही ३१६ चेच. स्टीलच्या पट्टीला जस्ताचा मुलामा दिलेले साधे स्क्रू लावले तर आधी स्क्रूच खाऊन जातात. वरची आणि बाजूची फट सिलिकॉनने बुजवा, खालची मोकळी ठेवा. चारही बाजूंनी बुजवलेल्या पोकळीत दमट हवा थंड होऊन पाणी सुटतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येतो ते ॲसिड सोडतं आणि धातू खातं.

पाणी सर्वात जास्त येतं ते वायरच्या वाटेने. नळीतून वरून खाली आलेली वायर स्ट्राइकच्या पातळीच्या खाली नेऊन पुन्हा वर आणा, म्हणजे थेंब वळणावरच गळून पडतो. जोड जेल भरलेल्या कनेक्टरने किंवा आतून गोंद असलेल्या हीट-श्रिंकने करा. काळ्या टेपचा जोड कोकणात एक पावसाळाही काढत नाही.

कुलपाला लॅचशेजारी लहान सुरक्षा-खुंटी असेल, तर दार लागल्यावर ती पट्टीवर टेकून दबलेली राहायला हवी. लॅचसोबत तीही खाचेत पडली, तर पातळ प्लास्टिक सरकवून लॅच मागे ढकलता येतो. आणि रिले कधीही बाहेरच्या रीडरमध्ये नको. चार स्क्रू काढून दोन वायरा जोडल्या की फाटक उघडतं.

ताब्यात घेण्याआधी

मल्टिमीटर स्ट्राइकच्या टोकांवर लावून, कॉइल चालू असताना व्होल्ट मोजा. मोकळ्या वायरवरचं मोजमाप फसवं असतं, तिथे नेहमी पूर्ण बारा दिसतात. मग दार उघडण्याच्या दिशेने दाबून धरा आणि कार्ड दाखवा. वारा किंवा रबर-पट्टी लॅचवर असाच दाब टाकते. या दाबाखाली सुटत नसेल, तर फट जुळवा किंवा ‘प्रीलोडखाली सुटणारा’ असं पत्रकात लिहिलेला स्ट्राइक मागवा. नंतर बागेच्या पाइपने, प्रेशर वॉशरने नव्हे, पाच मिनिटं सगळ्या बाजूंनी पाणी मारा, पट्टी उघडा आणि आत काय साचलं ते डोळ्यांनी बघा.

कॉइलचा रोध आणि कॉइल ते धातूचं अंग यांमधला रोध मोजून कंट्रोलरच्या झाकणाच्या आत तारखेसह लिहून ठेवा. कॉइल आणि अंग यांमध्ये मीटरने ‘ओपन’, म्हणजे जोडच नाही, असं दाखवायला हवं. दोन वर्षांनी तिथे काही किलोओहम दिसले तर ओल कॉइलपर्यंत पोचली आहे. दरवर्षी मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये खाच ब्रशने साफ करून कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) वंगण फवारा. किनाऱ्यावर त्याआधी गोड्या पाण्याने पुसून घ्या. तेल किंवा ग्रीस घालू नका, त्यात धूळ चिकटून जिभेची हालचालच थांबते.