झाडं न उपटता टँकमधला अल्गी ईटर कसा पकडावा

शेवाळ खातो म्हणून माशांच्या टँकसाठी दुकानातून बोटाएवढा सोनेरी अल्गी ईटर मासा आणला जातो, आणि लहान असेपर्यंत तो खातोही. मोठा झाला की शेवाळाकडे ढुंकून पाहत नाही. दाण्यांवर ताव मारतो, आपली जागा राखतो आणि एंजल, डिस्कससारख्या चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या त्वचेवरचा चिकट थर खरवडतो. तिथे जखम होते, मग बुरशी धरते. नदीत हा मासा २५ सेंटीमीटरच्याही पुढे वाढतो, त्यामुळे 'सुधारेल' म्हणून वाट पाहू नका. तो काढायचाच.

आधी ओळख पक्की करा, कारण नावाने सारखेच पण निरपराध असलेले सयामीज अल्गी ईटर मासे उगाच टँकबाहेर जातात. सयामीजचा काळा पट्टा थेट शेपटीच्या टोकापर्यंत जातो आणि त्याला चोषक तोंड नसतं. आपल्या आरोपीचं तोंड खालच्या बाजूला, चोषकासारखं असतं. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाशी वरच्या बाजूला आणखी एक छिद्र असतं. त्यातून तो पाणी आत घेतो, म्हणूनच तोंड काचेला चिकटलेलं असतानाही त्याचा श्वास चालू राहतो.

आता जे करायचं नाही ते. जाळी घेऊन मागे लागू नका. तो ड्रिफ्टवुडखाली (सजावटीच्या लाकडाखाली) शिरतो, तुमची क्रिप्टोकोरिनची झाडं मुळासकट वर येतात, अक्वासॉईलमधला, म्हणजे झाडांसाठी तळाशी घातलेल्या मातीतला, गाळ उसळतो आणि त्यासोबत माशांना घातक अमोनियाही. रात्री दिवे बंद करून टॉर्चने पकडण्याचा सल्ला टेट्रा-रासबोरासारख्या छोट्या माशांसाठी ठीक आहे. हा मात्र लाकडाच्या पोटाला चिकटून झोपतो, तिथे जाळी पोचत नाही. माशाला बेशुद्ध करायला टँकमध्ये लवंगतेल टाका किंवा बारीक गळ लावा असं सांगणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका. एका माशासाठी सगळा टँक पणाला लावायचा नसतो.

बाटलीचा सापळा हाच उपाय. दोन लिटरची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून आत बसवा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या तोंडातून पूर्ण वाढलेला अल्गी ईटर जात नाही. मान कापून भोक साडेतीन-चार सेंटीमीटरचं करा. कापलेली कड सॅंडपेपरने घासा, नाहीतर त्याचं अंग सोलून निघेल. बुडाला तापलेल्या सुईने भरपूर छिद्रं पाडा. वजनासाठी टँकमधलेच दगड, आणि उचलायला दोरी.

खरी अडचण इथून पुढे आहे, आणि मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच. सापळा आज टाकला आणि आजच मासा आत गेला, असं या माशाच्या बाबतीत होत नाही. नवी वस्तू दिसली की तो लांबून पाहत राहतो. म्हणून पहिले काही दिवस नरसाळं, म्हणजे तो उलटा बसवायचा निमुळता भाग, लावूच नका. फक्त कापलेली बाटली तळाशी आडवी ठेवा आणि त्याचं खाणं तिच्यातच द्या: बुडणारे दाणे, ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा उकळून मऊ केलेली काकडीची चकती. बाकीच्या माशांना वर तरंगणारं खाणं द्या, तेही बेताचं, तळाशी कण पडता कामा नये. बाहेर खायला मिळालं तर तो बाटलीत कशाला जाईल? बहुतेक जण ह्याच ठिकाणी ढिले पडतात आणि मग सापळ्याला नावं ठेवतात.

बाटलीची दिशाही महत्त्वाची. बूड फिल्टरच्या प्रवाहाकडे ठेवा आणि तोंड प्रवाहाच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी छिद्रांतून आत शिरून खाण्याचा वास तोंडातून बाहेर नेतं. उलटी ठेवली तर मासा बुडाशी घुटमळत प्लास्टिकच चाटत बसतो. आणि ती रोज इकडची तिकडे हलवू नका.

तो बिनधास्त आत जाऊन बसायला लागला की एक दिवस उपाशी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नरसाळं लावा. दिवे लागून तास-दोन तास झाल्यावरच, कारण रात्री झाडंही ऑक्सिजन वापरतात आणि पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. सापळा लावून झोपायला किंवा ऑफिसला जायचं नाही. हे मी कळकळीने सांगतो. २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशाला सुमारे ७.३. नागपूरच्या मे महिन्यात कूलर चालू असूनही टँक तापतो, आणि बाटलीत अडकलेला घाबरलेला मासा तेवढा ऑक्सिजन भराभर संपवतो. जवळ बसा, दर पंधरा मिनिटांनी बघा. दोन-चार टेट्रा आत गेले तर जाऊ द्या. त्यांना खाताना पाहून हाही येतो.

आत गेला की झडप घालू नका. तळहाताने तोंड झाका, बाटली सावकाश उभी करा आणि पाण्यासकट उचला.

बादलीत टँकचंच पाणी, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन आणि वर झाकण, कारण हा उडी मारतो. नळाचं पाणी घालायचं झालं तर आधी त्यात अँटिक्लोरीन (क्लोरीन काढणारं औषध) घाला.

आठवडाभर नेटाने करूनही जमलं नाही, तर शेवटचा मार्ग: पाणी निम्म्यावर आणा, लाकूड बाहेर काढा, एक मोठी जाळी कोपऱ्यात स्थिर धरा आणि दुसरीने हळूहळू तिकडे वळवा. झाडं थोडी हलतीलच.

पकडलेला मासा नागपूरच्या फुटाळा, गांधीसागर किंवा अंबाझरी तलावात सोडू नका. हा आपल्या पाण्यातला मासा नाही, तो थायलंड-लाओसकडच्या नद्यांतला. अंबाझरीचं ओसंडलेलं पाणी नाग नदीत जातं, नाग कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी कशी ओसंडली होती ते शहराने पाहिलंय. आणला त्या दुकानात परत द्या. बरेच दुकानदार घेतात. नाहीतर मोठ्या, चपळ माशांचा टँक असलेल्या कुणाला तरी द्या, पण त्यात एंजल किंवा डिस्कस नाहीत ना, हे आधी विचारा.